एनॉस कुणाला ‘तू’ म्हणतो?

मार्ल क्रीक, पेनसिल्व्हेनिया
दुसरा महिना, २२. दुसरा दिवस. १९०४

प्रिय मुला जोएल,

तुझं पत्र पोचलं. वर ‘फेब्रुवारी’ लिहिलं आहेस. आपल्या घरात महिन्यांना आणि वारांना आकडे आहेत, परक्या देवांची नावं नाहीत, हे तुला पाळण्यापासून माहीत आहे. खाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहिलं आहेस. कुठली आज्ञा पाळलीस ते कळव, मी टिपून ठेवते. आणि मधे सगळीकडे मला ‘तुम्ही’ म्हटलं आहेस. मी एकच आहे, जोएल. तुला जन्म दिला तेव्हाही एकटीच होते.

बियाण्यांच्या जाहिरातीच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. अक्षर बारीक आहे म्हणून कुरकुर करू नकोस, दिव्याशी धरून वाच.

आज कामासाठी लिहिते. एनॉसला, तुझ्या बापाला, कळता कामा नये. मी तुला पत्रं लिहिते हेच त्याला ठाऊक नाही. त्यानं विचारलं तर मी नाकारणार नाही. पण तो विचारत नाही, आणि न विचारलेलं सांगण्याची आपल्यात रीत नाही. दोन वर्षांत त्यानं तुझं नाव एकदाही घेतलेलं नाही.

मागच्या पानगळीत त्यानं स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात टेलिफोन बसवून घेतला. लोण्याच्या व्यापाऱ्यांशी बोलायला, म्हणाला. गेल्या आठवड्यात मी बोळात धूळ पुसत होते. तिथली धूळ रोज पुसावी लागते. एनॉस पाठमोरा उभा राहून बोलत होता. “तू काळजी करू नको. मी पाचव्या दिवशी येतोच. आणि तू जड काही उचलू नको.” मग मला पाहिलं आणि टेलिफोन ठेवला. “व्यापारी का?” मी विचारलं. तो म्हणाला, “घोड्याला पाणी दाखवायचं राहिलं,” आणि गेला. घोड्याला पाणी सकाळीच दाखवलं होतं.

आता तूच विचार कर. एनॉस कुणाला ‘तू’ म्हणतो? मला. सभेतल्या, आपल्या पंथाच्या मित्रलोकांना. घोड्याला. आणि देवाला, पण देव टेलिफोनवर येत नाही. दर पाचव्या दिवशी विल्मिंग्टनच्या बाजारात लोणी विकायला जातो, तिथल्या लोकांना तो ‘तुम्ही’ म्हणतो, मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तुझ्या पणजोबांनी न्यायाधीशाला तोंडावर ‘तू’ म्हटलं, डोक्यावरची हॅट काढली नाही, आणि तुरुंगात जाऊन बसले; सगळी माणसं देवापुढे सारखी, मग एकाला एक आणि दुसऱ्याला दोन कसं म्हणायचं, असं ते विचारायचे. माझे वडील तुरुंगात गेले नाहीत, पण लोहार असो की गव्हर्नर, ‘तू’च. एनॉसच्या वेळी बाजारात कुजबुज झाली, हा म्हातारा उद्धट आहे म्हणून, आणि गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात जायला लागली. तेव्हापासून त्याचं ‘तू’ फाटकाच्या आत राहिलं. फाटकाबाहेरचं जग तर आता सरसकट ‘तुम्ही’ म्हणतं. फिलाडेल्फियात कुत्र्यालासुद्धा ‘तुम्ही’ म्हणतात असं ऐकते. म्हणजे विल्मिंग्टनच्या बाजारात ज्याला, किंवा जिला, एनॉस ‘तू’ म्हणतो, ते गिऱ्हाईक नव्हे.

टेलिफोनवर तूच असशील, अशी शंका मला आली नाही असं नाही. पण दोन वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी मी टेबलाशीच होते. सुट्टीवर आला होतास, आणि म्हणालास, “बाबा, मीठ तुमच्याकडे आहे का?” ऑफिसात सगळे हसतात म्हणून सवय मोडली, तोंडातून निघालं, हे तू नंतर मला सांगितलंस, त्याला सांगितलं नाहीस. एनॉसनं मीठ तुझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, “घ्या. तुम्हाला अजून काही हवं आहे?” स्वतःच्या मुलाला. परक्या माणसाशी बोलावं तसं, अगदी नीट. माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. तू सकाळच्या गाडीनं गेलास. ज्याला तो ‘तुम्ही’ म्हणाला त्यालाच टेलिफोनवर ‘तू काळजी करू नको’ म्हणेल, हे मला पटत नाही.

मी सभेत बायकांच्या बाजूनं देखरेखीच्या कामावर आहे हे विसरू नकोस. चौथ्या महिन्याच्या सभेत नेहमीचे प्रश्न वाचले जातील, आणि आपल्या लोकांत कुणाचं वागणं चुकतं आहे का, याचं उत्तर मी उभं राहून द्यायचं असतं. एनॉस त्याच खोलीत समोरच्या बाकावर वडीलधाऱ्यांत बसलेला असेल. मला खोटं बोलता येत नाही. तेव्हा त्याआधी मला खरं काय ते कळलं पाहिजे.

तुला काही ठाऊक असेल तर लिही.

तुझी आई,
टेसी पेनॉक


तिसरा महिना, १४. दुसरा दिवस

प्रिय मुला जोएल,

दोन पानं लिहिलीस आणि दोन्ही हवेवर. डेलावेअर नदीवर बर्फ कसा फुटला ते मी विचारलं नव्हतं.

इथलं ऐक. एनॉस गुणगुणतो. तुझ्या घरात, ज्या घरात आजवर बाजाची पेटी तर सोडच, साधी शीळ कुणी वाजवली नाही, त्या घरात गोठ्यातून सूर ऐकू येतो. मी अंड्यांची टोपली घेऊन दाराआड उभी होते. गाय शांत उभी होती, जणू तिला सवयच आहे. धुणं वाळत घालताना कुंपणापलीकडून फीबी यार्नल म्हणाली, “टेसी, तुझ्या नवऱ्याच्या घशाला काही झालंय का?”

“सर्दी असेल.”

“सर्दीला चाल नसते, बाई.”

फीबीही माझ्याबरोबर देखरेखीच्या कामावर आहे, आणि तिचा टेलिफोन आमच्याच तारेवर आहे. आमच्याकडे घंटा वाजली की तिच्याकडेही वाजते. ती उचलते की नाही, ते तिला आणि देवाला माहीत. मी तिला विचारलं नाही. पण हल्ली ती मला ज्या प्रेमानं केक आणून देते, त्यावरून उचलत असावी.

दुसरं. त्याच्या कोटाचे खिसे मी धुण्याआधी उलटे करते, सुतळी आणि खिळे निघतात म्हणून. त्यात पावाचा चुरा होता. त्यात मनुका आणि शहाजिऱ्याचे दाणे. मी पावात शहाजिरं कधी घातलेलं नाही. आपल्या सभेतल्या एकाही बाईनं घातलेलं नाही. असला पाव आयरिश लोक करतात. स्टेशनाजवळच्या खाणावळीवरून जाताना मला वास आलेला आहे. आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याला भूक नसते. माझ्या हातचं वाफाळतं सूप पुढ्यात असताना म्हणतो, “अर्धी वाटी पुरे.” तेहेतीस वर्षांत या माणसानं अर्धी वाटी म्हटलेलं नाही.

तिसरं सांगताना लाज वाटते, पण सांगते. टेलिफोन वाजला, एनॉस अंगणात होता. मी उचलला. काही बोलले नाही. तिकडून बाईचा आवाज आला, तरुण बाईचा, शब्दांना हेल असलेला. “एनॉस? तू येशील ना या वेळी? आणि येताना ती साय आण हं, मागच्या वेळेला आणलीस तशी.”

मी टेलिफोन ठेवला.

माझी साय, जोएल. मी म्हणत होते की दुधाला पूर्वीसारखी साय धरत नाही, गाईला काय होतं आहे. गाईला काही होत नाही. आणि ती बाई आपली नाही; ‘तू’ कसं म्हणाली ते ऐकायला हवं होतंस. नवीन बूट घालून कुणी चालावं तसं, एकेक पाऊल टाकून. कुणीतरी तिला शिकवलं आहे. कोणी शिकवलं असेल? आपण ते ‘तू’ न्यायाधीशापुढे तुरुंगात जाऊन राखलं, आणि तो ते बाजारात एका बाईला शिकवतो आहे.

आता तुझ्याबद्दल. तुझ्या या पत्राच्या पाकिटावर विल्मिंग्टनच्या पोस्टाचा शिक्का आहे. पत्ता अजून फिलाडेल्फियाच्या ऑफिसचा घालतोस आणि पत्र विल्मिंग्टनला टाकतोस, हे कसं? कंपनीनं कामाला पाठवलं असेल तर फारच बरं झालं. पाचव्या दिवशी सकाळी बाजारात जा. एनॉस घोडागाडी नेत नाही, रेल्वेनं जातो, लोण्याच्या पेट्या हमालाकडे देतो. बाजार उठला की तो कुठे जातो ते बघ. तो तुला बघेल अशी भीती बाळगू नकोस. बघितलं तरी तो तुझ्याशी बोलणार नाही.

आईनं मुलाला असल्या कामाला लावावं याचं मलाही वाईट वाटतं. पण माझ्याकडे दुसरं कुणी नाही.

टेसी पेनॉक


चौथा महिना, ५. तिसरा दिवस

जोएल,

तुझं पत्र आलं. चार ओळी. “आई, तुम्ही बाबांवर विश्वास ठेवा आणि मला काही विचारू नका.”

म्हणजे तुला माहीत आहे.

खोटं तू बोलला नाहीस, एवढं तरी तुझ्यात आमचं उरलं आहे. ‘मी पाहिलं नाही’ असं लिहिता आलं असतं, ते लिहिलं नाहीस. पण बापाशी दोन वर्षं न बोलणारा मुलगा बापाची बाजू घ्यायला कधीपासून लागला? पुरुष पुरुषाचं झाकतात हे मी फीबीच्या तोंडून ऐकत आले होते, मला वाटायचं तिच्या स्वभावाला औषध नाही.

मी शेवटी एनॉसलाच विचारलं. काल जेवताना.

“विल्मिंग्टनला कुणी ओळखीचं भेटतं का?”

“भेटतात.”

“कोण?”

त्यानं पावाला लोणी लावलं. पार कडांपर्यंत लावलं, जसं कधी लावत नाही. मग म्हणाला, “टेसी, हे तू मला तुझ्यासाठी विचारतेस की सभेसाठी?”

“मी काय दोन आहे?”

“तसं असेल तर मला गप्प बसू दे.”

आणि बसला. तुला माहीत आहे आपल्यातलं गप्प बसणं काय असतं. सभेत आम्ही अख्खी सकाळ गप्प बसतो, आत्म्यानं सुचवलं तरच कुणी उठून बोलतं. ते गप्प बसणं उजेडाचं असतं. कालचं तसं नव्हतं. त्यात दार लावल्यासारखं काहीतरी होतं, आणि दार माझ्याच तोंडावर लावलं होतं. मी भांडी घासली. तो पुसायला आला. तेहेतीस वर्षांत भांडी पुसायला आला नव्हता.

सभेसाठी विचारतेस का म्हणे! ज्याचं काही चुकलं नाही त्याला सभेची भीती कशाला?

फीबी काल फाटकाशी येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तर नको म्हणाली. “टेसी, मी बोलणार नव्हते. पण प्रश्न वाचायची वेळ जवळ आली आहे. तू तुझ्या घराबद्दल मोकळ्या मनानं उत्तर देऊ शकतेस ना? नाहीतर मला द्यावं लागेल, आणि मला ते जड जाईल.” जड जाईल म्हणताना तिचा चेहरा मुळीच जड नव्हता.

तर मी जाते. या पाचव्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या. एनॉस सकाळच्या पहिल्या गाडीनं जातो, मी दुसरीनं जाईन. तू काही लिहू नकोस. तुला काही विचारू नये असं तूच सांगितलं आहेस, तर विचारत नाही. स्वतः जाऊन बघते.

टेसी पेनॉक


चौथा महिना, १५. सहावा दिवस

प्रिय मुला जोएल,

काल मी विल्मिंग्टनला होते. तू मला पाहिलं नाहीस. राखाडी शाल आणि राखाडी टोपी घातलेल्या बाईकडे कुणी बघत नाही, हा आपल्या साध्या कपड्यांचा एक फायदा आहे.

बाजार उठला तेव्हा मी कोंबड्यांच्या खुराड्यांमागे उभी होते. एनॉस टोपली घेऊन निघाला. टोपलीवर माझा निळ्या चौकड्यांचा रुमाल. मी मागे चालत राहिले. पूल ओलांडून तो विटांच्या सारख्या घरांच्या रांगेशी गेला, जिथे रेल्वे कारखान्यातले लोक राहतात. एका दारात थांबला. कडी वाजवली नाही, जोएल. नुसतं दार ढकललं.

मी समोरच्या बाजूला कोळशाच्या दुकानाशी उभी राहिले. दुकानदारानं विचारलं, “तुम्हाला काय हवं?” मी म्हणाले, “तुझं दुकान नको, तुझी सावली हवी आहे थोडा वेळ.” तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘तू’ म्हटल्यामुळे की सावली मागितल्यामुळे, कळलं नाही.

मग ती बाहेर आली. तांबड्या केसांची, तुझ्याएवढी, आणि दिवस भरत आलेले. हातात धुण्याची बादली होती. मी म्हणाले, हे देवा. हा माणूस, या वयात. मी सभेत काय बोलेन याचे शब्दसुद्धा माझ्या मनात जुळायला लागले होते, इतक्या लवकर जुळले याची आता लाज वाटते.

मागून एनॉस धावत आला आणि तिच्या हातातून बादली काढून घेतली. “तुला सांगितलं ना, जड उचलू नको!”

“तू आधी हात धू एनॉस, कोळसा लागलाय. नाहीतर माझी चादर काळी होईल.”

एनॉस पेनॉकला हात धुवायला सांगितलं, आणि तो हसला. समोरच्या बाकावर बसणारा एनॉस, तोंड उघडं टाकून. मग चादरीचं एक टोक त्यानं धरलं, एक तिनं, आणि दोघं ती पिळायला लागली.

आणि मग दारातून तू आलास. बाह्या वर केलेल्या, हातात पावाचा तुकडा.

मी तुला पाहिलं आणि पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. हा इथे काय करतो आहे, असं वाटलं. तू तिच्या पाठीवर हात ठेवलास, जसा फक्त एकच माणूस ठेवू शकतो, तेव्हा कळलं.

तू म्हणालास, “बाबा, तुम्ही आत बसा, गाडीला वेळ आहे.” तो म्हणाला, “तू बस. दिवसभर तू उभा असतोस.” तू अजून त्याला ‘तुम्ही’च म्हणत होतास, तो तुला ‘तू’ म्हणत होता. दोघांपैकी कुणी हटलेलं नव्हतं आणि कुणाचं काही अडलेलं नव्हतं. तुम्ही तिघं आत गेलात. दार उघडंच होतं.

मला रस्ता ओलांडता आला असता. तू विचारशील, का नाही ओलांडला? एनॉसनं जेवताना काय विचारलं होतं ते तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात शिरलं. तुझ्यासाठी की सभेसाठी. तू सभेबाहेर लग्न केलंस. पाद्र्यापुढे की न्यायाधीशापुढे ते मला ठाऊक नाही, पण आपल्या सभेच्या मौनात, आपल्या लोकांदेखत नाही. देखरेख करणाऱ्या बाईला हे कळलं की तिनं ते सांगायचं असतं. सांगितलं की तुझ्याकडे दोघं जण पाठवायचे, तू पश्चात्ताप दाखवला नाहीस तर तुझं नाव काढायचं. मी अशी दोन नावं काढायला होकार दिलेला आहे, तुला आठवत असेल. म्हणून तुम्ही दोघांनी मला कळू दिलं नाही. मला न कळता मी मोकळ्या मनानं ‘आमच्या घरात सगळं ठीक’ म्हणावं, ते खरंही ठरावं, आणि तुझं नावही राहावं. बापलेकांनी माझ्या खरेपणाची काळजी घेतली आणि मला एकटीला बाहेर ठेवलं. चांगुलपणानं ठेवलं हे मला कळतं. पण त्या कोळशाच्या दुकानाशी उभं राहून ते फार चांगलं वाटत नाही.

मी दोऱ्याची रिळं घेतली आणि परतले. रात्री एनॉसनं विचारलं, “फीबी म्हणते, दुपारी घरी नव्हतीस?”

“विल्मिंग्टनला गेले होते. दोरा आणायला.”

“दोरा इथे मिळतो की.”

“तिथे स्वस्त आहे.”

“गाडीभाडं धरून?”

“गाडीभाडं धरून नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी रफू करत राहिले. आता तोही माझ्यावर संशय घेतो आहे, आणि मला त्यात थोडा आनंद झाला, देव मला क्षमा करो.

कुणी सांगितलेलं नाही म्हणजे मला माहीत नाही, असं मी गाडीत स्वतःला समजावून पाहिलं. पटलं नाही. जे मी डोळ्यांनी पाहिलं ते मला माहीत आहे. मासिक सभा पुढच्याच्या पुढच्या चौथ्या दिवशी आहे. फीबी तयार बसली आहे. मी काय करेन ते मला अजून कळलेलं नाही. तू उत्तर लिहू नकोस. तिचं नावसुद्धा लिहू नकोस.

तुझी आई


चौथा महिना, २७. चौथा दिवस

प्रिय डीलिया,

तू मला ओळखत नाहीस. मी जोएलची आई, टेसी. हे पत्र पोस्टानं येत नाही, एनॉसच्या हातून येतं आहे, म्हणजे तिकीट वाचलं. टोपलीत साय आहे. ती या वेळी मी स्वतः काढून दिली आहे, चोरीची नाही.

तू टेलिफोनवर एकदा बोललीस आणि समोरून कुणी उत्तर दिलं नाही. ती मी होते.

आज आमची मासिक सभा झाली. तू आमच्यातली नाहीस, म्हणून एवढंच सांगते की आमच्यात पाद्री नसतो, सगळे मिळून गप्प बसतो, आणि मग कामकाज होतं. प्रश्न वाचले. सगळ्या जणी माझ्याकडे वळल्या, कारण उत्तर देणं माझं काम. फीबी यार्नलनं हातरुमाल काढून मांडीवर ठेवला होता, रडायची वेळ आली तर असावा म्हणून.

मी उभी राहिले. म्हणाले, “मी देखरेखीचं काम सोडते. आजपासून. या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर घेऊ नका.”

फीबी उठली. “टेसी, कारण तर सांगशील? तुझ्या घरात काही आहे का?”

मी म्हणाले, “फीबी, माझ्या घरात काय आहे ते बघायचं काम आता माझ्याकडे नाही. तू घ्यायचं तर घे. येऊन बघ, कपाटंसुद्धा उघडून दाखवते.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. मी खाली बसले. लग्नानंतर चौथ्या वर्षापासून हे काम माझ्याकडे होतं, आणि ते मी चांगलं केलं, असं मला वाटतं. आता बायका फाटकाशी उभ्या राहून माझ्याबद्दल बोलतील. काहीतरी असल्याशिवाय कुणी असं सोडत नाही, असं म्हणतील. मीही तेच म्हटलं असतं.

मी खोटं बोलले नाही आणि जोएलचं नाव माझ्या तोंडून गेलं नाही. ते राहील की जाईल, हे जोएलनं ठरवावं. सांगायचं असेल तेव्हा त्यानं स्वतः येऊन, उभं राहून सांगावं. लपवून ठेवलेलं नाव मला आवडत नाही, पण ते काढायला मी पहिली उठणार नाही.

घरी येताना एनॉस घोडागाडी हाकत होता. ओढ्याचा उतार आला. मग म्हणाला, “टेसी, दोरा कुठल्या दुकानातून घेतलास?”

“पुलापलीकडच्या.”

त्यानं घोडा थांबवला. “दार उघडंच होतं,” म्हणाला.

“मला कुणी बोलावलं नव्हतं.”

“तू आली असतीस तर तुला कळलं असतं. आणि कळलं असतं तर तू सांगितलं असतंस.”

“सांगितलं असतं,” मी म्हणाले. “एनॉस, मला तुझ्यावर भलताच संशय आला होता.”

“कसला?”

मी सांगितलं. तुला सांगते डीलिया, हसता हसता तो म्हातारा गाडीतून पडायचाच बाकी राहिला होता. घोड्यानं दोनदा मागे वळून बघितलं. मग त्यानं डोळे पुसले आणि तुझं नाव सांगितलं, आणि लग्न न्यायाधीशापुढे झालं म्हणून सांगितलं. नाताळाआधी तू स्वतः त्याला बाजारात शोधून काढलंस, लोण्याच्या पेटीशी उभी राहून म्हणालीस की तुमच्या मुलाला रात्री झोप लागत नाही, चला, आणि त्याला हाताला धरून नेलंस. जगातल्या कुणी त्याला असं हाताला धरून नेलेलं नव्हतं. त्या दिवशी तू त्याला ‘तुम्ही’ म्हणत होतीस म्हणे. तो म्हणाला, आमच्या घरात म्हणत नाहीत. तू म्हणालीस, मग शिकवा. तो हे सांगत होता आणि लगाम त्याच्या हातात नुसता लोंबत होता.

मी गोड स्वभावाची बाई नाही, हे तुला जोएलनं सांगितलं असेल. मी तुझ्या चादरी बघेन. पावात शहाजिरं कशाला, ते विचारेन. तुझ्या गळ्यातल्या क्रॉसकडे बघून गप्प बसेन, आणि माझं गप्प बसणं सोपं नसतं. तू मला उलट बोललीस तर बरं वाटेल. एनॉस म्हणतो, तुला ते जमतं. बाळंतपणाला तुझं स्वतःचं कुणी इथे नाही असं कळलं. मी सभेतल्या अर्ध्या बायकांची बाळंतपणं केली आहेत. पण ज्या घरात मला सोडून सगळे जात होते, तिथे मी नुसतं दार उघडं दिसलं म्हणून शिरणार नाही. घर तुझं आहे. तू हो म्हटलंस तर येईन.

तू हे वाचत असशील तेव्हा मी समोर, कोळशाच्या दुकानाशी उभी असेन. एनॉसला बजावलं आहे की तुझं वाचून होईपर्यंत दारातच उभा राहा, मधे बोलू नकोस, जोएलला हाक मारू नकोस. तू निवांत वाच, माझ्यासाठी घाई करू नकोस. मी शाल आणली आहे. फक्त चुलीवर काही असेल तर आधी ते उतरव, जळायला नको.

टेसी